२०२४ चे सहा अल्बम, सातवी जागा रिकामी

डिसेंबर उजाडला की फोनवर वर्षभराचा हिशेब येतो. किती मिनिटं ऐकलंत, कोणाला सर्वांत जास्त ऐकलंत. मित्रमंडळींच्या स्टेटसवर तेच चालू असतं. माझा हिशेब थोडा वेगळा निघतो, कारण मी सुटी गाणी फारशी ऐकत नाही, अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतो. कर्जतहून मुंबईला नोकरीला जाणाऱ्याला ही चैन परवडते. लोकलने जायला दोन तास, यायला दोन तास. चाळीस मिनिटांचा एक अल्बम धरला तर एका फेरीत तीन होतात.

मला आवडतात ते तीन प्रकार आपल्याकडे फार ऐकले जात नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो. पंक म्हणजे १९७० च्या दशकात न्यूयॉर्क-लंडनमध्ये उभं राहिलेलं, तीन-चार कॉर्डवर चालणारं, चिडलेलं संगीत. वाजवायला उस्ताद असण्याची अट नाही, सांगायला काहीतरी हवं. इंडी म्हणजे मोठ्या कंपनीच्या पैशावर आणि हुकमावर न चालणारं. आणि फोक म्हणजे लोकसंगीत. ते तर आपल्या लोकलच्या डब्यातही आहे. सकाळच्या गाडीत टाळ वाजवत भजन म्हणणारी मंडळी ना तिकीट लावतात ना अल्बम काढतात, पण त्यांचं गाणं पिढ्यान् पिढ्या टिकतं.

आता २०२४ ची माझी यादी.

पहिला एम्दू मोक्तार यांचा 'फ्युनरल फॉर जस्टिस'. हा नायजर देशातला तुआरेग समाजाचा गिटारवादक. मुसलमान आहे, डावखुरा आहे, आणि पहिली गिटार त्याने स्वतः बनवली होती, तारांच्या जागी सायकलच्या ब्रेकच्या तारा लावून. सुरुवातीला त्याची गाणी पश्चिम आफ्रिकेत मेमरी कार्ड आणि ब्लूटूथवरून एका फोनमधून दुसऱ्या फोनमध्ये फिरली. मे महिन्यात आलेल्या या अल्बममध्ये तो फ्रान्सच्या वसाहतवादाला सुनावतो आणि आफ्रिकेतल्या नेत्यांनाही. सगळं तमाशेक भाषेत. 'इमुहार' या गाण्यात तर तो आपल्या लोकांना सांगतो की ही भाषा आपल्या हातून निसटू देऊ नका.

दुसरा 'फाइन आर्ट', बेलफास्टच्या नीकॅप या तिघांचा. हे रॅप आहे, पण वृत्ती पंकची. शिव्या आणि नशापाण्याच्या गोष्टी इतक्या की घरात स्पीकरवर लावता येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी हा अल्बम यादीत आहे, कारण तिघे आयरिश भाषेत गातात. उत्तर आयर्लंडमध्ये या भाषेला अधिकृत मान्यता देणारा कायदा व्हायला २०२२ साल उजाडलं. त्यांच्यातला एक जण आयरिश शिकवणारा शिक्षक होता. २०१७ सालच्या त्यांच्या पहिल्या गाण्याच्या नावाचा अर्थच 'हक्क' असा आहे.

तिसरा आरूज आफताब यांचा 'नाइट रेन'. मूळच्या पाकिस्तानच्या, राहतात न्यूयॉर्कला. संथ, रात्रीचं, उर्दू संगीत. यात माह लका बाई चंदा यांचं काव्य आहे. त्या हैदराबादच्या, म्हणजे आपल्या दख्खनच्या कवयित्री. उर्दूत स्वतःचा दीवान असलेल्या अगदी पहिल्या स्त्रियांपैकी एक. त्यांचं निधन १८२४ सालचं. बरोबर दोनशे वर्षांनी त्यांचे शब्द नव्या सुरात ऐकू आले.

चौथा कॅनडातल्या माँट्रियलच्या 'गॉडस्पीड यू! ब्लॅक एम्परर' या वाद्यवृंदाचा. अल्बमला त्यांनी नाव दिलंच नाही. नावाच्या जागी फक्त नोंद आहे: १३ फेब्रुवारी २०२४ पर्यंत २८,३४० मृत. हा गाझातल्या मृतांचा त्या दिवशीचा आकडा. अल्बम ऑक्टोबरमध्ये आला, तोवर आकडा कितीतरी पुढे गेला होता. यात गायन जवळजवळ नाहीच. मला तरी त्या वर्षी इतकं स्पष्ट बोललेलं दुसरं काही सापडलं नाही.

पाचवा 'वुडलंड', गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा अमेरिकन फोक. दोन आवाज, दोन गिटारी. मार्च २०२० मध्ये नॅशव्हिलला आलेल्या वादळात त्यांच्या वुडलंड स्टुडिओचं छप्पर उडालं. ध्वनिमुद्रणाच्या टेप दोघांनी स्वतः वाचवल्या, स्टुडिओ पुन्हा उभा केला आणि अल्बमला त्याचंच नाव दिलं.

सहावा अस्सल पंक: ऑस्ट्रेलियाच्या ॲमिल अँड द स्निफर्सचा 'कार्टून डार्कनेस'. तेरा गाणी, अर्ध्या तासाहून जरासा जास्त. गाडी कर्जतहून सुटली की बदलापूर-अंबरनाथ येईपर्यंत संपतो. कंटाळलेल्या सोमवारी चहापेक्षा चांगला.

यादी लिहून झाल्यावर एक गोष्ट डोळ्यांत खुपली. तमाशेक आहे, आयरिश आहे, उर्दू आहे, इंग्रजीच्या तीन तऱ्हा आहेत. मी घरात जी भाषा बोलतो, तिच्यात माझ्यासारख्या घरातल्या कोणी २०२४ मध्ये काढलेला एकही अल्बम माझ्या फोनवर नाही. आपण ऐकतो हिंदी, पंजाबी, इंग्रजी, कोरियनसुद्धा. मराठी मुसलमानाचं मराठी गाणं मात्र नाही.

याने काय बिघडतं? बरंच बिघडतं. "अरे, तू मराठी किती छान बोलतोस!" हे कौतुक तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? मी शाळेत ऐकलं, कॉलेजात ऐकलं, अजूनही ऐकतो. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण त्या वाक्यात एक गृहीत असतं की ही भाषा मुळात तुझी नाही. आणि घराच्या बाजूनेही तीच तऱ्हा: "मुसलमान होऊन मराठीत काय गातोस?" दोन्हीकडचं गृहीत एकच आहे. तक्रारीचे लेख आपण पुष्कळ लिहिले. मला वाटतं, एक चांगलं गाणं त्या गृहीताला जास्त लवकर मोडून काढेल. कारण गाणं स्वतःची ओळख सिद्ध करत बसत नाही, ते सरळ ऐकू येतं.

आणि आपण शून्यातून सुरुवात करत नाही आहोत. पेशवाईच्या उत्तरकाळात लावण्या-पोवाडे रचणारे सगनभाऊ मुसलमान होते, शिकलगार होते, आणि त्यांचं नाव राम जोशी, होनाजी बाळा यांच्या रांगेत घेतलं जातं. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल म्हणजेच शाहीर अमर शेख. १९१६ चा जन्म. गाडीवर क्लीनर म्हणून राबले, गिरणीत राबले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या पहाडी आवाजाने मैदानं भरली. कंपनी नाही, जाहिरात नाही, डफ आणि आवाज एवढ्यावर हजारो माणसं. याला 'इंडी' म्हणायचं नाही तर कशाला? १ मे १९६० रोजी हे राज्य झालं, त्यात एका शेखच्या गळ्याचाही वाटा आहे. आपल्या किती मुलांना हे माहीत आहे?

काही वाचक विचारतील, संगीत जायज आहे का? उलेमांमध्ये यावर शतकानुशतकं मतभेद आहेत. इमाम गझालींनी समाअवर सविस्तर लिहिलं, चिश्ती खानकाहांनी कव्वाली जपली, इतरांनी वाद्यं वर्ज्य मानली. ज्याला वाद्य नको त्याने नुसत्या आवाजात म्हणावं. शब्द आणि सांगणं तरी आपल्या भाषेत असू दे. उर्दू सोडा असंही मी म्हणत नाही. आरूज आफताब माझ्या यादीत आहेतच. एका घरात दोन भाषा सुखाने नांदतात, आपल्या घरांतून तर नेहमीच नांदल्या.

रिकामी जागा भरते कशी, याचं एक गमतीदार उदाहरण आहे. अमेरिकेत मायकल मुहम्मद नाइट यांनी २००३ मध्ये 'द टक्वाकोअर्स' ही कादंबरी आणली. तकवा आणि हार्डकोर पंक जोडून केलेला हा शब्द. कादंबरीत मुसलमान पंक पोरांची एक अख्खी दुनिया होती, जी तेव्हा प्रत्यक्षात नव्हती. ती वाचून पोरांनी खरोखर बँड काढले. बोस्टनकडचा 'द कोमिनाज' त्यातलाच. आधी कोणीतरी कल्पना केली, मग ती जागा भरली. इकडे कुर्ल्याच्या नेझीने २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवरच केलं. 'स्वदेसी' या मुंबईच्या टोळीतला मवाली मराठीत रॅप करतो, आणि त्यांच्या 'द वारली रिव्होल्ट'मध्ये आरेचे प्रकाश भोईर वारली समाजाचा आवाज घेऊन येतात. म्हणजे साधन हातात आहे, वाट दाखवणारेही आहेत.

सुरुवात कुठून करायची? माझ्या मते लग्नघरातून. रायगड-रत्नागिरीच्या कोकणी मुस्लिम घरांत हळदीच्या रात्री बायका बोलीत गाणी म्हणतात. नवऱ्याची टिंगल, माहेरची आठवण, सासूला चिमटे. हे आपलं फोक. आता डीजे आला की ती गाणी दहा मिनिटांत आटोपतात, आणि ज्या दादी-खालांना ती पाठ आहेत त्यांचं वय वाढत चाललंय.

म्हणून मित्र-मैत्रिणींनो, या हंगामात नेरळ, दामत, कर्जत, खोपोलीत, तुमच्या गावात, जिथे लग्नाला जाल तिथे एक काम करा. आधी परवानगी घ्या. बायकांच्या मैफलीत मुलींनीच रेकॉर्डिंग करावं. पंखा बंद करा, फोन गाणाऱ्यांपासून हात-दीड हातावर उशीवर ठेवा, जमल्यास मूळ डब्ल्यूएव्ही फाईल जपा. दोन ठिकाणी प्रत ठेवा. व्हॉट्सॲपवरची प्रत मोजू नका. गाणारीचं नाव, गाव, आणि हे गाणं तिला कोणी शिकवलं, एवढं लिहून ठेवा. आणि रेकॉर्डिंग पहिल्यांदा तिलाच ऐकवा.

त्यातून पुढे कोणी बीट लावेल, कोणी गिटार, कोणी नुसता डफ. पुढच्या डिसेंबरच्या यादीत सातवी ओळ लिहायची माझी तयारी आहे. अल्बम तुम्ही आणा.