डाग पाखराचा, ओरखडा आपला

आमच्या घरात पहिली मोटार आली ती मागच्या वर्षीच्या मार्चमध्ये. जुनीच, पण सहा वर्षं पगारातून थोडं थोडं बाजूला ठेवून घेतलेली. अम्मीचे गुडघे तिला आता स्कूटरवर बसू देत नाहीत आणि दर पंधरा दिवसांनी तिला तासगावहून मिरजेला दवाखान्यात न्यावं लागतं, म्हणून ही गाडी. रंग गडद निळा.

ती उभी करायला जागा एकच, गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पिंपळाखाली. सावलीत राहील म्हणून आम्ही खूश होतो. आठ दिवसांत बॉनेटवर आणि टपावर पाखरांच्या विष्ठेचे ठिपके वाळून बसले. रविवारी आम्ही कपड्यांची पावडर आणि भांड्यांची घासणी घेतली आणि दोन तास गाडी घासली. ती लख्ख दिसली. मग ऊन तिरकं झालं आणि बॉनेटभर गोलगोल ओरखडे चमकू लागले. शिवाय दोन ठिकाणी नाण्याएवढा निस्तेज डाग, कितीही पुसला तरी न जाणारा.

शेजारचे चाचा म्हणाले, "सर, ती फांदीच काढून टाकू." आणखी तीन गाडीवाल्यांनी मान हलवली. लाकूडतोड्याला द्यायला प्रत्येकी दोनशे रुपये ठरले. आम्हीही कबूल झालो. वर्गात झाडांचे फायदे शिकवणारे आम्हीच, हे त्या वेळी आठवलं नाही.

मधल्या दिवसांत आम्ही गाडी पेंटरकडे नेली. त्याने बॉनेटवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "सर, ये परिंदे का नहीं, आप के हाथ का काम है." नवीन रंगाचे साडेतीन हजार सांगितले आणि त्यासोबत जो धडा दिला तो फुकट. तोच आज इथे मांडतो.

मोटारीच्या रंगावर एक पारदर्शक थर असतो. पेंटर त्याला क्लिअर कोट म्हणतात. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीहूनही कमी. चमक असते ती याच थराची. पाखराच्या विष्ठेतला पांढरा भाग म्हणजे मुख्यतः युरिक आम्ल. पाखरांना वेगळी लघवी नसते, सगळं एकाच वाटेनं बाहेर पडतं. हे आम्ल पाण्यात सहजी विरघळत नाही, म्हणून पावसाची एक सर आली की डाग आपोआप जाईल, हा समज खोटा. उन्हात पत्रा इतका तापतो की हात टेकवत नाही. त्या उष्णतेनं वरचा थर किंचित मऊ होतो, फुगतो. संध्याकाळी थंड होऊन आकसतो तेव्हा वाळलेल्या विष्ठेचा खडबडीत ठसा धरून बसतो. निस्तेज डाग तो हाच. गडद रंग जास्त तापतो आणि त्यावर डाग उठूनही दिसतो.

ओरखड्यांची गोष्ट निराळी. पिंपळाची फळं खाणाऱ्या पाखरांच्या विष्ठेत त्या फळांच्या बारीक बिया असतात. भिंतीच्या फटीत पिंपळ उगवतो तो याच बियांतून. त्यात किडे खाणाऱ्यांची टरफलं, चोचीतून गेलेले वाळूचे कण. कोरडं घासलं की हे सगळं रंगावर कानशीसारखं फिरतं. आम्ही दोन तास तेच केलं होतं.

म्हणून पहिला नियम, कोरडं पुसू नये. नखानं खरवडू नये, काचेवर वायपर चालवू नये. जुनं फडकं किंवा टिश्यू पेपर पाण्यात भिजवून डागावर पाच-दहा मिनिटं ठेवावा. डाग मऊ झाला की फडकं दाबून उचलावं, रगडू नये. मग भरपूर पाणी ओतावं आणि स्वच्छ मऊ कापडानं टिपून घ्यावं. वाळलेली विष्ठा कोरडी खरवडली तर तिची धूळ नाकातोंडातही जाते आणि ती फुप्फुसांना चांगली नाही. तेव्हा आधी पाणी, मग हात. झाल्यावर साबणानं हात धुवावेत.

दुसरा, वेळ. सकाळी दिसलेला डाग दुपारच्या उन्हाआधी निघाला पाहिजे. डिकीत पाण्याची एक बाटली आणि दोन मऊ फडकी कायमची ठेवावीत.

तिसरा, कपड्यांची पावडर आणि भांड्यांचा साबण गाडीला लावू नये. रंगावरचं मेण त्यानं निघून जातं. गाडीचा शाम्पू मिळतो, तो वापरावा. दोन-तीन महिन्यांनी मेणाचं पॉलिश करावं, म्हणजे विष्ठा आधी मेणावर पडते, रंगावर नाही. मॅट रंगाच्या गाडीला मात्र हे पॉलिश लावू नये. नवीन रंग काढलेल्या भागाला कधी लावायचं, ते पेंटरलाच विचारावं.

चौथा, कव्हर. धुळीच्या गाडीवर कव्हर ओढलं की ते वाऱ्यानं हलतं आणि धूळ रंगावर घासते. गाडी धुऊन, कोरडी करून मगच घालावं. पावसाळ्यात अधूनमधून काढून वारा लागू द्यावा.

आरशात स्वतःचं रूप पाहून दयाळसारखी पाखरं भांडायला येतात आणि दारावर पांढऱ्या रेघा सोडून जातात. आरशावर जुना पायमोजा चढवला की भांडण मिटतं.

पाचवा नियम आम्हाला पेंटरनं नाही, सातवीच्या मुलांनी शिकवला. त्यांना आम्ही पिंपळाखालची जमीन बघायला लावली. मुलांनी खडूनं आखून दाखवलं की पांढरे ठिपके सगळीकडे नाहीत. रात्री साळुंक्या बसतात त्या एका फांदीखाली आणि विजेच्या तारेखाली, तेवढेच. तिथून आठ फुटांवर, भिंतीलगत, जमीन जवळजवळ कोरी. त्या फांदीच्या वाळक्या टोकाला तांबट पक्ष्यानं कोरलेली ढोलीही मुलांनीच दाखवली.

त्या संध्याकाळी आम्ही चाचांकडे गेलो. नगरपरिषदेच्या हद्दीत झाड तोडायला आधी परवानगी लागते, १९७५ चा महाराष्ट्राचा वृक्ष कायदा तसं सांगतो. वन्य पक्ष्यांच्या घरट्यांना, अंड्यांना हात लावणं १९७२ चा वन्यजीव कायदा शिकारीतच धरतो. हे सगळं सांगितलं. चाचा गप्प राहिले. मग आम्ही खरी गोष्ट सांगितली, की आमच्या बॉनेटवरचे ओरखडे पाखरांनी नाही, आम्हीच काढले आहेत. रोग म्हशीला आणि औषध पखालीला कशाला? चाचा हसले आणि म्हणाले, "मग माझेही मीच काढले असणार."

आता सगळ्या गाड्या भिंतीला लागून उभ्या राहतात. जागा थोडी अडचणीची आहे, दार जपून उघडावं लागतं. ऊनही दुपारी तासभर जास्त लागतं. तरी कधीतरी एखादा ठिपका पडतोच. फजरनंतर आमची धाकटी बाटली घेऊन फेरी मारते, आमची गाडी झाली की चाचांचीही बघते.

दोन डागांपैकी एक पेंटरच्या हातपॉलिशनं गेला. दुसरा खोल होता, तो राहिला. साडेतीन हजार आम्ही अम्मीच्या औषधांसाठी ठेवले. वर्गात कुणी घाईघाईनं दुसऱ्यावर बोट दाखवलं, की आम्ही त्याला फाटकाशी नेऊन तो डाग दाखवतो.