गार पडलेला शॉकअप

या आठवड्यात खरं तर मी तुम्हाला कोरेगाव पार्कातल्या कॅफेंबद्दल सांगणार होते. दोन ठिकाणी जाऊन कॉफी पिऊनही आले. पण सध्या माझ्या दहाही नखांत काळं ग्रीस आहे. लिंबू झालं, साखर झाली, भांड्यांचा साबण झाला, आईचं ‘काय हा अवतार’ पण झालं, ते काही निघत नाहीये. असे हात घेऊन कापुचिनोवर काय लिहिणार? तेव्हा कॅफे पुढच्या वेळी. आज गाडीचं ऐका.

आमच्याकडे २००९ सालची सफारी आहे. डिझेल. ओडोमीटरवर दोन लाख तेरा हजार किलोमीटर. सफारी १९९८ मध्ये बाजारात आली, तेव्हाच बाबांनी ठरवलं होतं म्हणे, की घेईन तर हीच. एक तर पिंपरीत बनणारी, म्हणजे आपल्या गावची गाडी. घ्यायला अकरा वर्षं लागली ही गोष्ट वेगळी. गाडी दारात आली तेव्हा मी सातवीत होते आणि मागच्या काचेवर नाक चेपून बसायचा मान माझा होता. २०२४ मध्ये तिची पंधरा वर्षं भरली, तेव्हा नातेवाइकांनी ‘आता काढून टाका’ असा एकमुखी ठराव केला. बाबांनी काय करावं? गाडी धुतली, आरटीओत नेली, फिटनेस करून घेतलं, फी भरली आणि पुढच्या पाच वर्षांचं रजिस्ट्रेशन घेऊन आले. पेढे आणायचे तेवढे राहिले.

तर अशा या लाडक्या गाडीने गेल्या डिसेंबरात ताम्हिणी घाटात माझी पाचावर धारण बसवली.

दिवेआगरहून परत येत होतो. गाडी मी चालवत होते, शेजारी बाबा, मागे आई आणि आजी. एका वळणावर रस्ता उखडलेला, समोरून एसटी. मी ब्रेक दाबला. ब्रेक लागला, त्याबद्दल तक्रार नाही. पण गाडीचं मागचं अंग त्या खड्ड्यांवर टुणटुण उडायला लागलं आणि उडता उडता चक्क बाहेरच्या बाजूला सरकलं. जेमतेम हातभर असेल. एसटीवाल्याने हॉर्न दिला, मी स्टिअरिंग धरून ठेवलं, गाडी सरळ झाली. सगळं मिळून तीन सेकंदं. आजी म्हणाली, “अगं, हळू की जरा.” आई काहीच बोलली नाही. नंतर चहाला थांबलो तेव्हा हळूच म्हणाली, “मागे बोटीत बसल्यासारखं होतं. गेलं वर्षभर होतंय.”

वर्षभर! आणि बाबांचं मत काय, तर “गाडीला काही झालेलं नाही. तू वळणावर ब्रेक मारलास.”

मास कॉमला असताना आम्हाला बजावलं होतं की एका सोर्सवर बातमी करायची नाही. म्हणून पुण्यात आल्यावर मी गाडी एका गॅरेजला दाखवली. तिथल्या माणसाने खाली न वाकताच सांगून टाकलं, “मॅडम, पूर्ण सस्पेन्शन करावं लागेल,” आणि कागदावर असा आकडा लिहिला की त्यात माझी स्कूटर आली असती. एक सोर्स म्हणतो काहीच झालेलं नाही, दुसरा म्हणतो सगळंच गेलंय. राहिला तिसरा सोर्स, म्हणजे गाडी.

इथे थोडं शाळेत जाऊ या, प्लीज पान उलटू नका. मला इतकी वर्षं वाटायचं की स्प्रिंग आणि शॉकअप म्हणजे साधारण एकाच कामाची दोन नावं. तसं नाहीये. गाडीचं वजन पेलते ती स्प्रिंग. पण स्प्रिंगला एकदा दाबलं की ती उड्या मारतच राहते, तिला ‘पुरे आता’ म्हणायला कुणीतरी लागतं. ते काम शॉकअपचं. आत एक नळी, नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं. चाक वरखाली झालं की त्या भोकांतून तेलाला जबरदस्तीने पलीकडे जावं लागतं, त्यात उडीचा जोर जिरतो आणि त्याची उष्णता होते. बास, एवढंच यंत्र. आत शिरलेल्या धुळीने सील झिजलं, की तेल गळतं आणि शॉकअप नुसता शोभेला उरतो. मग खड्ड्यांवर चाक उडत राहतं, आणि हवेत असलेलं चाक कितीही ब्रेक मारला तरी गाडी थांबवू शकत नाही. ताम्हिणीत झालं ते हेच.

आणि जोर जिरून उष्णता होते म्हटल्यावर तपासणी किती सोपी! ही युक्ती खुद्द बाबांचीच, त्यांनीच मला लहानपणी सांगितलेली. बोनेट दाबून गाडी डोलवायची जी पद्धत आहे, ती एवढ्या जड गाडीवर काही खरी नाही. त्यापेक्षा पंधरावीस किलोमीटर खराब रस्त्यावर फिरवून आणायची (खराब रस्ता पुण्यात शोधावा लागत नाही) आणि लगेच खाली वाकून शॉकअपला हात लावायचा. फक्त शेजारच्या सायलेन्सरला लावू नका. मागचा डावा शॉकअप चहाच्या कपासारखा कोमट लागला. मागचा उजवा माठासारखा गार. वर त्याच्या अंगावर तेल आणि धुळीचं काळं चिखलपाणी. त्या बाजूच्या टायरवरून तळवा फिरवला तर चढउतार लागले, एखाद्याने चमच्याने थोडं थोडं रबर खरवडून काढल्यासारखे.

मी बाबांना खाली बोलावलं. म्हटलं, हात लावा. त्यांनी डाव्याला लावला, उजव्याला लावला, पुन्हा डाव्याला लावला. मग म्हणाले, “नाना पेठेत जाऊन ये. जोडी आण, एक आणू नकोस.”

जोडी का? एक नवा, एक जुना लावला की एकाच ॲक्सलची दोन चाकं दोन वेगळ्या मनाची होतात. आणि नाना पेठेत गेलात तर एक लक्षात ठेवा, गाडीचं मॉडेल आणि साल सांगा, बॉक्स सीलबंद मागा, त्यावरचा पार्ट नंबर जुळवून घ्या, बिल घ्या. शॉकअपमध्ये नकली माल असतो. मला दुकानदाराने आधी एक जोडी दाखवली, बॉक्सवरचं कंपनीचं नाव एका अक्षराने चुकलेलं होतं. मी बोट ठेवल्यावर तो हसला आणि आतून दुसरी आणली.

बाबांना गेल्या वर्षीपासून स्लिप डिस्क आहे. वाकायचं नाही, उचलायचं नाही. म्हणजे काम मी करणार आणि ते प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून डायरेक्शन देणार. शनिवारी रात्रीच सगळ्या नटांवर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला. रविवारी सकाळी आठला सोसायटीच्या पार्किंगमध्ये गोटी पान्यांचा सेट, हातोडा, पुठ्ठा आणि दोन थर्मास चहा अशी आमची वरात उतरली. बी विंगमधले काका पेपर आणायला निघाले होते. ते थांबले. “अरे, मुलीला कशाला लावतोस? माणूस बोलवायचा ना!” बाबा म्हणाले, “तिला येतं.” मला येत नव्हतं, पण त्या दोन शब्दांनंतर यायलाच हवं होतं.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही, अगदी ‘एकच मिनिट’ म्हणूनसुद्धा शिरायचं नाही. आम्ही जमीन सपाट बघितली, पुढच्या चाकांना दोन्हीकडून विटा लावल्या. हँडब्रेक मागच्या चाकांना लागतो, त्यामुळे मागचा भाग उचलला की तो असून नसल्यासारखा, विटांवरच सगळी भिस्त. मग जॅकने एक बाजू उचलून खाली लोखंडी स्टँड, दुसरी बाजू उचलून दुसरा स्टँड. मी स्टँड चॅसीखाली सरकवत होते, तर खुर्चीतून आवाज आला, “चॅसीला नाही, ॲक्सलला!” कारण असं आहे, की या गाडीत मागचा ॲक्सल सलग आणि त्यावर कॉइल स्प्रिंगा. ॲक्सल खाली लोंबायचा थांबतो तो बऱ्याच अंशी शॉकअपमुळेच. चॅसीवर गाडी टांगून शॉकअप काढलात तर ॲक्सल आणखी खाली पडणार, ब्रेकचा रबरी पाइप ताणला जाणार, स्प्रिंग जागेवरून निसटू शकते. स्टँड ॲक्सलखाली असले तर तो जिथल्या तिथे राहतो, स्प्रिंगांवर गाडीचं वजनही राहतं.

आणि हे घरी करण्याचं धाडस फक्त अशा गाड्यांत, जिथे स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा आहे. तुमच्या छोट्या हॅचबॅकला पुढे जे असतं, त्यात शॉकअपवरच स्प्रिंग दाबून बसवलेली असते. ती सुटली तर माणूस मरू शकतो. ते काम गॅरेजचं, तिथे हौस नको.

डावा शॉकअप पंचवीस मिनिटांत निघाला. वर एक नट, खाली एक, दोन जागी तर धरलेला असतो. मी इतकी खूश झाले की मधेच चहा घेतला. तो चहा मला पुढे महागात पडला, कारण उजव्याने तीन तास घेतले.

उजव्याचा वरचा नट आणि बोल्ट सोळा वर्षांच्या गंजाने एकजीव झालेले. पाना लावून लोंबकळले, हलेना. वॉचमनदादांनी जुन्या नळाचा पाइप आणून दिला, तो पान्यावर चढवून जोर लावला तर पाना निसटला आणि माझी बोटं चॅसीवर. तोंडातून एक शब्द गेला, तो इथे छापता येणार नाही. बाबा खुर्चीतून अर्धे उठले आणि कमरेत कळ येऊन परत बसले. एकदा दोनदा नाही, तीन वेळा उठले. चौथ्या वेळी मी खालून ओरडले, “बाबा, तुम्ही उठलात तर मी हे आत्ता सोडून वर जाईन!” मग बसले. पण त्यांचा उजवा हात मांडीवर हवेतल्या हवेत पाना फिरवत होता, हे मला गाडीखालून दिसत होतं.

शेवटी त्यांनीच सांगितलं, “सोडवू नकोस. फोड.” छिन्नी नटाच्या कडेवर धरून हातोड्याचे ठोके. नवे नट बॉक्समध्ये होतेच. दहा मिनिटांनी नटाला चीर गेली आणि तो गुपचूप हातात आला. बी विंगमधले काका तोवर कोथिंबीर घेऊन दुसरी फेरी मारत होते. “निघाला का?” “निघाला!” म्हणाले, “वा!” आणि तिथेच उभे राहिले, बहुतेक जेवणापर्यंत.

जुना शॉकअप मी बाबांच्या हातात दिला. त्यांनी तो उभा धरून दाबला. सायकलचा पंप फाटला असेल तर जसा जाईल तसा तो सरळ आत गेला. सोडला, तर तसाच आत राहिला. वर ओढला, पुन्हा दाबला. आतून नुसता पचक पचक आवाज. मग नवा उचलून दाबला. तो सावकाश, जोर खात खात गेला. बराच वेळ ते दोन्ही आलटून पालटून दाबत होते.

मग म्हणाले, “म्हणून मी वळणावर चाळीसच्या वर जात नव्हतो.”

मी खालून ऐकत होते. गेली दोन वर्षं बाबा घाट टाळतात. ट्रॅफिक वाढलंय म्हणतात, डोळ्यांवर लाइट येतो म्हणतात. आम्ही आपलं वय झालं म्हणून सोडून देत होतो. शॉकअप एका दिवसात मरत नाही ना, रोज केसभर मरतो, आणि चालवणारा रोज केसभर हळू होतो. मी महिन्यातून एकदा चालवणारी, मला ही सवय झालीच नव्हती. म्हणून ताम्हिणीत मी साठने वळण घेतलं. मागे आजी होती. हा हिशोब मी त्यांच्यासमोर मांडला नाही, त्यांनीही मांडला नाही. “नवा लावण्याआधी उभा धरून पाचसहा वेळा पूर्ण दाबून ओढ, आतली हवा निघते,” एवढंच म्हणाले.

बसवणं त्यामानाने सोपं. दोन गोष्टी. वरच्या चकचकीत दांड्याला पक्कड लावायची नाही, ओरखडा गेला तर तो नवं सील खातो. आणि रबरी बुशाचे बोल्ट शेवटचे आवळायचे ते गाडीचं वजन स्प्रिंगांवर असताना, नाहीतर बुश कायम पिळलेला राहतो आणि वर्षाच्या आत फाटतो. आम्ही ॲक्सलवर स्टँड लावले होते, त्यामुळे जागच्या जागीच आवळून झाले.

दुपारी अडीचला चक्कर मारायला निघालो. मी आपोआप ड्रायव्हरच्या दाराकडे गेले, तर बाबा तिथे आधीच उभे. कमरेमागे उशी लावून बसले, सोसायटीच्या गेटचा स्पीडब्रेकर घेतला. गाडी एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि थांबली. नंतर जरा पाषाणपर्यंत जाऊन येऊ म्हणाले. आम्ही चांदणी चौक ओलांडला, भूगाव मागे पडलं, पिरंगुट आलं. पुढे ताम्हिणीचाच रस्ता. आईचा फोन, “जेवायचं काय?” मी म्हटलं, येतोच.

पिरंगुटला गाडी बाजूला घेऊन बाबा उतरले. कंबर धरत, कण्हत, डॉक्टरांनी जे जे करू नका म्हटलंय ते सगळं करत खाली वाकले आणि उजव्या शॉकअपला हात लावला.

“कोमट आहे,” म्हणाले. “पुढचे कधी करायचे?”