चेंबर कुठं आहे?

आमच्या सोसायटीच्या मीटिंगचा विषय निघाला की काही वाचक पान उलटतात, हे मला ठाऊक आहे. पार्किंग, लिफ्ट आणि टँकर यांवर या सदरात मी पुरेसा रडलोय. या आठवड्याचा विषय मात्र कोरा होता. बाल्कनीतल्या वॉशिंग मशीनचं पाणी जातं कुठं?

इमारतीमागच्या पावसाळी गटारात भर उन्हाळ्यात फेस कसा, असं सेक्रेटरींनी विचारलं. घरोघरच्या मशीनचा पाइप गच्चीवरून उतरणाऱ्या पावसाच्या पाइपात खुपसलाय, असं प्लंबरनं सांगितलं आणि सभा क्षणभर गप्प झाली. मग सगळे एकदम बोलू लागले. एक काका म्हणाले, "अहो, साबणाचंच पाणी आहे ना? संडासाचं थोडंच सोडतोय?" दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, बिल्डरनंच तसं दिलंय, आम्ही का खर्च करायचा? दर एकादशीला गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, जाऊन तांब्याभर तीर्थ आणणारे एक गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "आधी महापालिकेला नाले बंद करायला सांगा, मग आमच्या बाल्कनीत या." याला टाळ्या पडल्या. नाशकात महापालिकेला नावं ठेवली की टाळ्या पडतातच. माझं तर निम्मं सदर त्यावर चालतं.

माहितीचा भाग उरकून घेतो. घराबाहेर पाण्याला दोन वाटा असतात. ड्रेनेजमध्ये गेलेलं पाणी तपोवन, आगरटाकळी, पंचक, चेहेडी अशा केंद्रांत शुद्ध होऊन पुढं जातं. पावसाळी गटारातलं पाणी जसंच्या तसं नाल्यात, नाल्यातून नासर्डीत नाहीतर वाघाडीत आणि तिथून गोदावरीत. मध्ये गाळणी नाही. म्युनिसिपल लाइन साधारण शंभर फुटांच्या आत असेल तर घरमालकाला जोडणी घ्यायला लावायचा अधिकार कायद्यानं आयुक्तांना दिलेला आहे. गोदावरीच्या प्रदूषणाची जनहित याचिका 2012 साली उच्च न्यायालयात गेली, नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं उपाय सुचवले, आता 2027 चा सिंहस्थ दाराशी आलाय. एवढं पुरे.

खरी गंमत पुढं. कुणाचं पाणी कुठं जातं ते बघायला प्लंबर म्हणाला, "ड्रेनेजचं चेंबर उघडा." चेंबर कुठं आहे, हे कुणालाच सांगता येईना. सुशोभीकरणात सगळीकडं पेव्हर ब्लॉक बसवले, तेव्हा 'ते घाण झाकण दिसायला नको' असा ठराव झाला होता. ठराव मांडणारे आता पुण्याला मुलाकडं असतात. एकानं जिन्याखाली खणायला लावलं, तिथं केबल निघाली. कुणी म्हणालं, बागेत. तिथं जुनी बाटली आणि नव्या भांडणाला विषय मिळाला. शेवटी तुळशीवृंदावन सरकवलं आणि खाली ढापा सापडला. वास्तुतज्ज्ञानं ईशान्येला गटार नको म्हणून सांगितलं होतं, म्हणून कमिटीनं त्यावर तुळस आणून ठेवली होती. गटार तिथंच राहिलं, दोष तेवढा गेला.

बंगलेवालेही मागं नाहीत. अंगणात ग्रॅनाइट, ग्रॅनाइटखाली चेंबर, आणि तुंबलं की भर पावसात घण घेऊन उभा राहिलेला गवंडी. जेटिंगची गाडी दारात येते, पण पाइप घालायला तोंडच नसतं. ज्या झाकणाखालून आपल्या अख्ख्या घराची घाण जाते, त्याची जागा आपल्याला माहीत नसते. टीव्हीचा रिमोट मात्र अंधारातही सापडतो.

असो. ढापा उघडला. प्लंबरनं बादलीत नीळ कालवली आणि ती बाल्कनीच्या जाळीवर ओतली. आम्ही सगळे चेंबरभोवती वाकून उभे. तिथं निळा थेंब दिसेना. मग मागून वॉचमन ओरडला, "साहेब, इकडं आलं!" पावसाळी गटारातून निळी धार तुरूतुरू निघाली होती, सरळ नासर्डीच्या दिशेनं. एकादशीवाल्या गृहस्थांनी ती बघितली आणि मोबाइल काढून कुणाला तरी उगाचच फोन लावला.

याच्या उलटी चूकही होते. गच्चीचं पावसाचं पाणी ड्रेनेजमध्ये सोडायचं. ड्रेनेजची लाइन रोजच्या वापराच्या हिशेबानं टाकलेली असते. त्यात आभाळच ओतलं की ती भरते, रस्त्यावरचा ढापा उचलला जातो आणि तळमजल्याच्या नहाणीतून पाणी उलटं वर येतं. सिडकोत तर ज्या घरांसाठी लाइन टाकली, त्या बैठ्या घरांवर पुढं मजले चढले. पाइप तेवढाच राहिला. पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की निम्मं नाशिक फोटो काढायला गंगेवर पळतं. त्याच वेळी आपल्या गच्चीचं पाणी मलनिस्सारण केंद्रात घुसून तिथल्या यंत्रांचा श्वास कोंडत असतं, आणि न झेपलेलं सगळं त्याच गंगेत उतरतं. त्याचा फोटो कुणी काढत नाही. सरस्वती नाल्यावर आपण सराफ बाजार आणि दहीपूल वसवला, आता दर पावसाळ्यात नाला दुकानात येतो म्हणून तक्रार करतो. पाण्यावर ढापा ठेवला की पाणी संपलं, ही आपली जुनी समजूत आहे.

काकांच्या साबणाचं उत्तर उन्हाळ्यात आनंदवल्लीला पुलावर उभं राहिलं की मिळतं. सांडपाण्यातलं खत खाऊन पाणवेली इतक्या माजतात, की गाय चुकून चरायला उतरेल. मग त्या काढायला यंत्र, यंत्राला ठेका, ठेक्यावर बातमी आणि बातमीवर माझं सदर. महापालिकेचे नाले बंद व्हायलाच हवेत, त्यावर मी लिहिलंय आणि पुन्हा लिहीन. पण आपल्या बाल्कनीचा पाइप काही महापालिकेनं जोडलेला नाही.

आमच्या सभेचा निर्णय पुढच्या सभेवर गेला. तुम्ही सभा बोलावू नका. रविवारी बादलीभर निळीचं पाणी बाल्कनीत ओता आणि खाली जाऊन बघा. चेंबरमध्ये आलं तर चहा घ्या. पावसाळी गटारात आलं तर प्लंबरला बोलवा. बऱ्याच घरांत हे काम एक एल्बो आणि थोड्या पाइपाचं असतं. आणि तुळस जरा बाजूला ठेवा.