शेवटाची तारीख आणि रोख्यांची मुदत

२८ ऑक्टोबर १९९२ च्या मध्यरात्री येशू खऱ्या भक्तांना स्वर्गात उचलून नेणार, असे दक्षिण कोरियातल्या दामी मिशनचा प्रमुख ली जांग-रिम छातीठोकपणे सांगत होता. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, शिक्षण अर्धवट टाकले. महिनाभर आधी पोलिसांनी त्याला पकडले आणि उघड झाले की, भक्तांच्या पैशांतून त्याने रोखे घेतले होते. त्यांची मुदत त्या तारखेनंतर संपणार होती! इतरांना उद्या नाही असे बजावणाऱ्याने स्वतःच्या उद्याची तजवीज केली होती.

सोलच्या न्यायालयाने त्याला तुरुंगात पाठवले. खटला फसवणुकीचा होता, श्रद्धेचा नव्हता. तेच योग्य होते.

अशा तारखांना बायबलचाही आधार नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २४ व्या अध्यायात येशूच सांगतो की, तो दिवस पित्याशिवाय कुणालाही ठाऊक नाही. खोट्या संदेष्ट्यांबद्दलचा इशाराही त्याच अध्यायात आहे. तरीही अमेरिकेत फॅमिली रेडिओच्या हॅरॉल्ड कॅम्पिंगने आधी सप्टेंबर १९९४ आणि मग २१ मे २०११ हा मुहूर्त जाहीर केला. न्यूयॉर्कच्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने त्याच्या प्रचारासाठी जन्मभराच्या पुंजीतले सुमारे १ लाख ४० हजार डॉलर जाहिरातींवर घातले. काहीच घडले नाही. कॅम्पिंगने ऑक्टोबरचा वायदा केला, तोही टळला. २०१२ मध्ये त्याने माफी मागितली, पण माफीने कुणाची पुंजी परत येत नाही.

केनियात तर जीव गेले. धर्मोपदेशक पॉल मॅकेंझी शाळा आणि औषधोपचार यांच्याविरुद्ध उघडपणे बोलत असे. उपाशी राहिल्यास येशूची भेट होईल असे अनुयायांना सांगितल्याचा आरोप त्याच्यावर आहे. तो त्याने नाकारला आहे. मार्च २०२३ मध्ये मुलांच्या मृत्यूप्रकरणी त्याला अटक झाली आणि जामिनावर सुटकाही झाली. पुढच्याच महिन्यात शाकाहोलाच्या जंगलात खोदकाम सुरू झाले. तिथून ४०० हून अधिक मृतदेह निघाले. त्यांत मुले बरीच होती. त्या मुलांनी कोणती श्रद्धा निवडली होती?

सरकारने कुणाच्या विश्वासात डोकावू नये, हे खरेच. पण पैसा आणि मुले यांच्याकडे डोळेझाक करणे म्हणजे धर्मस्वातंत्र्य नव्हे. जगबुडीची तारीख सांगून कुणी देणगी मागत असेल, तर आधी त्याच्याकडे हिशेब मागा. मुलांची शाळा किंवा औषधे बंद करायला सांगत असेल, तर त्याच दिवशी पोलिसांकडे जा.