आसरा दिला, मग दाखला कां नाहीं?

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरांत मुलाच्या नांवापुढें जातीचा एक रकाना असतो व राष्ट्रीयत्वाचा एक. आमच्या सालेकसा तालुक्यांत हे रकाने भरतांना मास्तराची लेखणी अडत नाहीं. गोंड, पोवार, लोधी, ढीमर, बौद्ध, जें असेल तें लिहावें व पुढें 'भारतीय' म्हणून मोकळें व्हावें. पण आमच्याच गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिणेस अर्जुनी मोरगांव तालुका आहे. तेथें कांहीं मुलांच्या बाबतींत पहिला रकाना खोटा पडतो व कांहींच्या बाबतींत दुसरा. घुसखोर, निर्वासित, नागरिकत्व या शब्दांचा सध्यां देशांत मोठा गलबला चालला आहे. दिल्ली-मुंबईच्या विद्वानांनीं त्यावर पुष्कळ शाई खर्ची घातली. त्यांनीं एकदां गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या गाडींत बसून अरुणनगर स्टेशनावर उतरावें.

अरुणनगर ही बंगाली निर्वासितांची वसाहत. पूर्व पाकिस्तानांत १९६४ सालीं दंगे उसळले तेव्हां हजारों कुटुंबें सरहद्द ओलांडून आलीं. फाळणीच्या पहिल्या लोंढ्यांत जे ब्राह्मण, कायस्थ, बैद्य आले, त्यांना कलकत्त्यांत नातलग होते, नोकऱ्या होत्या, शहराच्या कडेला वस्त्या उभ्या करण्याइतकें बळ होतें. मागाहून आले त्यांत नमःशूद्रांचा भरणा फार. हे शेत कसणारे, मासे धरणारे, होड्या वल्हविणारे लोक. त्यांना कलकत्त्यानें ठेवून घेतलें नाहीं. रायपूरजवळ माना येथें छावणी घातली, आमच्या सालेकसा स्टेशनावरून जाणाऱ्या त्याच लोहमार्गावर, आणि तेथून त्यांना रानांत नेऊन बसविलें. केंद्र सरकारची दंडकारण्य योजना १९५८ सालीं निघाली ती याचसाठीं. महाराष्ट्रांत चांदा व भंडारा जिल्ह्यांत वसाहती झाल्या; गोंदिया १९९९ पर्यंत भंडाऱ्यांतच होता. पाण्यांत वाढलेला माणूस मुरमाड जमिनीवर आणून सोडला. १९७८ सालीं दंडकारण्यांतलीं कांहीं हजार कुटुंबें कंटाळून सुंदरबनांतल्या मरीचझापी बेटावर परत गेलीं. तर १९७९ सालीं बंगाल सरकारनें बेटाची नाकेबंदी केली, गोळ्या झाडल्या व त्यांना हुसकून लावलें. आणि तें सरकार स्वतःला कष्टकऱ्यांचें म्हणवीत होतें!

या नमःशूद्रांचें ऋण महाराष्ट्राच्या बहुजन समाजावर आहे, हें किती जणांना ठाऊक आहे? १९४६ सालीं बाबासाहेब आंबेडकरांना मुंबई इलाख्यांतून घटना समितींत जाण्याची वाट राहिली नव्हती. बंगालच्या कायदेमंडळांतून त्यांना निवडून आणलें तें जोगेंद्रनाथ मंडल व त्यांच्या सोबत्यांनीं. मंडल स्वतः नमःशूद्र. पुढें ते पाकिस्तानचे कायदेमंत्री झाले, आणि आपल्या लोकांचे हाल पाहून १९५० सालीं राजीनामा टाकून भारतांत आले.

आतां पहा. पश्चिम बंगालांत, आसामांत, त्रिपुरांत नमःशूद्र ही अनुसूचित जात आहे. महाराष्ट्राच्या यादींत तें नांवच नाहीं. शिवाय येथें दाखल्यासाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. तो १९६४ सालीं आलेल्यानें कोठून आणावा? म्हणजे सरकारनेंच ज्याला येथें आणून बसविलें, त्याला सरकारच विचारतें, तूं आधींपासून येथें कां नव्हतास? ज्या जातीनें घटनाकाराला घटना समितींत पाठविलें, तिच्या नातवंडांना त्या घटनेची सवलत आमच्या जिल्ह्यांत नाहीं. त्या भागांत नोकरीला असतांना एका म्हाताऱ्यानें मला म्हटलें होतें, "गुरुजी, तिकडे आम्हांला देवळांत शिरूं देत नव्हते. इकडे म्हणतात, तुम्ही उघड्या वर्गाचे. मग आमची बांधी कां नाहीं मोठी झाली?" मला उत्तर सुचलें नाहीं.

दुसऱ्या रकान्याची गोष्ट तिबेटी लोकांची. दलाई लामा १९५९ सालीं भारतांत आले. त्यांच्यामागून आलेल्यांपैकीं कांहींची नॉर्ग्येलिंग ही वसाहत १९७२ सालीं गोठणगांव-प्रतापगड भागांत झाली. हिंवाळ्यांत शहरांच्या रस्त्याकडेला स्वेटर विकणारे हे लोक आपण सर्वांनीं पाहिले आहेत. १९५५ च्या नागरिकत्वाच्या कायद्याप्रमाणें २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत जो या भूमीवर जन्मला तो भारतीय. १ जुलै १९८७ नंतर जन्मला, तर आईबापांपैकीं एक तरी भारतीय पाहिजे. तेव्हां एकाच घरांत थोरला भाऊ भारतीय आणि धाकटी बहीण परदेशी! थोरल्याचा हक्क सुद्धां सुखासुखीं पदरांत पडला नाहीं. दिल्लीच्या हायकोर्टाला तो २०१० सालीं व पुन्हां २०१६ सालीं बजावून सांगावा लागला. बाकीच्यांनीं नोंदणीचें पुस्तक जवळ बाळगावें व मुदत सरली कीं नवें करून घ्यावें. हा प्रकार महाराष्ट्राला नवा नाहीं. महार, मांग, रामोशी, बेरड यांना रोज हजेरी द्यावी लागे. शाहू छत्रपतींनीं ती १९१८ सालीं आपल्या राज्यांत बंद केली.

कांहीं तिबेटी स्वतःच नागरिकत्व घेत नाहींत. घेतलें तर मायदेशावरचा हक्क सोडल्यासारखें होईल असें त्यांना वाटतें. तो त्यांचा मान आहे. पण नको म्हणण्यासाठीं आधीं कोणीं देऊं करावें लागतें. शूद्राचा मुलगा शूद्र, या न्यायाविरुद्ध जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला. परक्याच्या येथें जन्मलेल्या मुलाचा मुलगाही परकाच, हा न्याय त्याचाच सख्खा भाऊ दिसतो.

नागरिकत्व दुरुस्तीचा कायदा २०१९ सालीं झाला व त्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजीं निघाले. पाकिस्तान, बांगलादेश व अफगाणिस्तान या तीन देशांतून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदु, शीख, बौद्ध, जैन, पारशी व ख्रिस्ती लोकांना त्यांत वाट आहे. आमच्या शेजारच्या एखाद्या बंगाली कुटुंबाचें त्यानें भलें होत असेल तर त्याला नांव ठेवणारे आम्ही नाहीं. पण तिबेटी बौद्ध असून त्याचा देश यादींत नाहीं. श्रीलंकेचा तामिळ बहुधा हिंदु, त्याचाही नाहीं. ब्रह्मदेशाचा रोहिंग्या तर देशानेंही नाहीं व धर्मानेंही नाहीं. दाराशीं आलेल्यास आधीं धर्म व गांव विचारावें आणि मग तहान विचारावी, ही रीत आम्हांला पाणवठ्यावर शिकविली गेली होती. तिची आठवण अजून बुजलेली नाहीं.

निर्वासितांसंबंधीं १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताची सही नाहीं. त्याचें आम्हांला फारसें वाईट वाटत नाहीं. कोल्हापूरजवळ वळिवडें येथें १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले तेव्हां तो करार जन्मलाही नव्हता. वाईट वाटतें तें याचें कीं, आपला स्वतःचाही कायदा नाहीं. १९४६ चा परदेशी लोकांचा कायदा जाऊन नवा कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. निर्वासित म्हणजे कोण, याची व्याख्या त्यांतही नाहीं. कांहीं लोकांना हुकूम काढून सूट दिली आहे, त्यांत नोंदणी झालेले तिबेटी व श्रीलंकेचे तामिळ आहेत. ठीक आहे, पण एका हुकुमानें दिलेलें दुसऱ्या हुकुमानें जातें. आणि कायदा नसला म्हणजे शिपायाचा संशय हाच कायदा होतो. २०२५ सालींच महाराष्ट्रांत पकडलेल्या पश्चिम बंगालच्या कांहीं मजुरांना बांगलादेशाच्या हद्दींत ढकललें, आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावें लागलें. त्यांचा गुन्हा एवढाच कीं ते गरीब होते व बंगाली बोलत होते. धानाची कापणी आटोपली कीं आमच्या तालुक्यांतले मजूरही नागपूर-हैदराबादेकडे जातात, हें येथें हंसणाऱ्यांनीं ध्यानांत धरावें.

आमच्या बाजूला एक आक्षेप ऐकूं येतो व तो पोकळ नाहीं. जो गोंड कचारगडच्या गुहेला आपल्या देवांचें मूळस्थान मानतो, त्याला वनजमिनीचा पट्टा मागण्यासाठीं २००६ च्या कायद्यापर्यंत थांबावें लागलें. जंगलांतल्या बिगर-आदिवासी गरिबाला तर ७५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. बाहेरच्याला रान तोडून जमीन दिली, मग घरचा कां उपाशी? पण जमीन कोणीं वांटली? बंगाल्यानें गोंडाची हिसकावली नाहीं. सरकारनें गोंडाला न विचारतां ती दिली, व घेणाऱ्यालाही पुरतें काय तें दिलें नाहीं. एकाचा पट्टा अडविणारें व दुसऱ्याचा दाखला अडविणारें टेबल पुष्कळदां एकच असतें. त्या टेबलाशीं भांडायचें सोडून दोघे बाजाराच्या दिवशीं एकमेकांकडे डोळे वटारतात, हें पाहून टेबलामागच्याला झोंप चांगली लागत असेल.

म्हणून आमचें मागणें असें. नमःशूद्रांचें नांव यादींत घालण्याची शिफारस महाराष्ट्र सरकारनें करावी. यादी बदलणें संसदेच्या हातीं आहे, पण आधीं राज्यानें तोंड उघडलें पाहिजे. जो येथें जन्मला व येथेंच शिकला, त्यानें मागितलें तर त्याला नागरिकत्व मिळावें. जीव घेऊन आलेल्याची चौकशी ठाण्यांत न होतां न्यायाधीशापुढें व्हावी, आणि त्याचा कायदा सर्व देशांना व सर्व धर्मांना एकच असावा. गोंडाचे अडलेले पट्टे याच्याही आधीं निकालांत काढावे. आमदार-खासदार मतें मागायला अर्जुनी-सालेकशाला येतातच. त्यांना सभेंत उभें राहून हें विचारायला कोणाची परवानगी लागत नाहीं.

विदर्भांतल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या दिवशीं अरुणनगराकडचा कोणी मास्तर रजिस्टर पुढें घेऊन बसेल, बाप मुलाला घेऊन उभा असेल, व जात कोणती म्हणून विचारल्यावर तो नमःशूद्र असेंच सांगेल. मास्तर तें लिहून घेईल. त्या शब्दाचा तहसील कचेरींत कांहीं उपयोग नाहीं, हें दोघांनाही ठाऊक असेल.