कंडम गाडी आणि ‘मानवरहित’ हा शब्द

‘मानवरहित’ हा शब्द आता वर्तमानपत्रांत इतका सहज येतो की वाचताना आपण थांबतही नाही. मानवरहित विमान, मानवरहित नौका, मानवरहित रणगाडा. पण हा शब्द एवढेच सांगतो की गाडीच्या आत कोणी नाही. ती जिथे जाऊन फुटणार तिथे कोण आहे, यावर तो गप्प आहे. जुना रणगाडा किंवा चिलखती गाडी घ्यायची, तिच्यात टनावारी स्फोटके ठासायची, आणि दुरून हाकत नेऊन उडवून द्यायची, हा प्रकार गेल्या काही वर्षांत युक्रेनमध्येही झाला आणि गाझातही. त्यावर माझ्या वाचनात जे आले त्यात तंत्राचे कौतुकच जास्त. मला मात्र वाटते की हे शस्त्र सैन्याविरुद्ध फारसे चालत नाही. समोरून उलट मारा करणारे कोणी नसते, तिथेच ते चालते.

युक्रेनचेच पाहा. जून 2023 मध्ये दोनेत्स्क भागातल्या मारिन्का गावाजवळ रशियनांनी टी-54/55 जातीचा एक जुना रणगाडा असाच भरून सोडला. हे रणगाडे 1950 च्या आसपासचे. आपल्या सैन्यानेही 1971 च्या युद्धात टी-55 वापरले होते, म्हणजे वय लक्षात येईल. रशियाने साडेतीन टन टीएनटी आणि वर काही बॉम्ब भरल्याचे सांगितले. चित्रफितीत दिसते ते असे की रणगाडा सरळ रेषेत जातो, युक्रेनच्या खंदकांच्या अलीकडेच सुरुंगावर अडतो, मग प्रचंड स्फोट होतो. धुराचा लोट पाहून जगाने तोंडात बोट घातले, पण खंदक जागच्या जागी होते. आत चालक नसला की गाडी आंधळी असते, खड्डा चुकवत नाही, सुरुंग ओळखत नाही. समोर जागे सैन्य असेल तर तिचा निभाव लागत नाही.

ही युक्ती नवीही नाही. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ‘गोलियाथ’ नावाची गुडघ्याएवढ्या उंचीची, पट्ट्यांवर चालणारी गाडी केली होती. पोटात 60 ते 100 किलो स्फोटके, मागे लांबलचक तार, आणि तारेच्या टोकाला आडोशाला बसलेला सैनिक. अशा साडेसात हजारांहून अधिक गाड्या बनवल्या गेल्या. एवढ्या खटाटोपातून साधले काय? 1944 च्या वॉर्सा उठावात पोलिश बंडखोरांनी तारच तोडायची हे ओळखले. तार तुटली की गोलियाथ म्हणजे रस्त्यात पडलेला पत्र्याचा डबा.

पण त्याच वॉर्सात, त्याच महिन्यात, दुसरी गोष्ट घडली. ‘बोर्गवार्ड-4’ ही मोठी गाडी होती. चालक तिला जवळपर्यंत नेई, उतरून जाई, मग रेडिओने ती पुढे पाठवत. तिच्या पुढच्या अंगाला स्फोटकांची जाडजूड पेटी असे. 13 ऑगस्ट 1944 रोजी जुन्या शहराच्या अडथळ्यापाशी अशी एक गाडी आली आणि चालक ती सोडून पळाला. बंडखोरांना वाटले, छोटा रणगाडा हाती लागला. त्यांनी ती वस्तीत आणली. दोन आठवडे उपासमार आणि बॉम्बफेक सोसलेली माणसे विजय पाहायला रस्त्यावर आली, घराच्या सज्जांत उभी राहिली, मुले गाडीमागून धावली. किलिन्स्की रस्त्यावर पुढची पेटी घसरली आणि थोड्याच वेळात स्फोट झाला. सुमारे 300 माणसे गेली. कितीतरी जणांची ओळखही पटली नाही. मुद्दाम रचलेला सापळा नव्हता असेच आता बहुतेक अभ्यासक मानतात. नसेलही. पण सैनिकांपुढे हसे झालेले हे तंत्र गर्दीत आले तेव्हा त्याने काय केले, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता गाझा. एम-113 ही अमेरिकन बनावटीची ॲल्युमिनियमची चिलखती गाडी, 1960 पासूनची. जगभर ऐंशी हजारांहून अधिक बनल्या. इस्रायलच्या सैन्यात ती वर्षानुवर्षे होती. जुलै 2014 मध्ये गाझाच्या शुजाइया भागात अशाच एका गाडीवर मारा झाला आणि आतले सात इस्रायली सैनिक मेले. एवढ्या पातळ चिलखताच्या गाडीत आपली पोरे का पाठवली, म्हणून त्या देशातच गदारोळ झाला. म्हणजे सैनिकांच्या जिवाच्या दृष्टीने ती गाडी कंडमच.

सरकारी कचेरीत उमेद घालवलेल्या माणसाला ‘कंडम’ या शब्दाचे वजन ठाऊक असते. एक जीप कंडम करायची तर किती धावली, दुरुस्तीला किती लागेल, मेकॅनिकचा दाखला, पाचसहा सह्या, मग लिलाव. त्यानंतर रजिस्टरात तिची किंमत उरत नाही. आणि धोका नेमका इथे आहे. रणगाडा पुढे पाठवताना कोणत्याही सेनापतीला दोन गोष्टी अडवतात, आतल्या माणसांचा जीव आणि यंत्राची किंमत. गाडी कंडम आणि वर मानवरहित झाली की दोन्ही लगाम एकदम सुटतात. पाठवायला काहीच लागत नाही, मग पाठवत राहायला काय जाते?

2024 च्या अखेरीस जबालियात आणि नंतर 2025 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात गाझा शहरात स्फोटके भरलेल्या एम-113 घरांच्या रांगांमध्ये नेऊन उडवल्या गेल्या. 10 ऑक्टोबर 2025 ची शस्त्रसंधी होईपर्यंत हे चालले. तिथले लोक तिला ‘रोबोट’ म्हणतात. रात्री रोबोट आला असे कळले की अंथरूण सोडून निघायचे. मारिन्काला खंदकही न हललेल्या या शस्त्राने इथे गल्ल्याच्या गल्ल्या आडव्या केल्या, कारण इथे तिला वाटेत अडवणारे फारसे कोणी नव्हते, आणि घर जागचे हलत नाही.

बेळगावचे एक निवृत्त सुभेदार माझ्या परिचयाचे आहेत, मराठा लाइट इन्फंट्रीत आयुष्य गेले. त्यांचे म्हणणे वेगळे. “भाऊ, दारामागे सुरुंग पेरलेल्या घरात तुमचा मुलगा आधी शिरावा की ती गाडी, सांगा.” या प्रश्नाला उत्तर नाही असे नाही, पण तो झटकण्यासारखाही नाही. आपल्या जवानाचा जीव वाचवणे हे अधिकाऱ्याचे पहिले कर्तव्य, आणि इस्रायलचे सैन्यही हेच कारण देते. मी त्यांना एवढेच म्हटले की सुरुंग लावलेले एक घर उडवणे आणि त्या घरासकट आळी उडवणे यात फरक आहे. दोन-तीन टन स्फोटके दार पाहून फुटत नाहीत. सुभेदार गप्प राहिले, मग म्हणाले, “चार्ज किती भरायचा ते ठरवणारा माणूस गाडीत नसला तरी कुठेतरी असतोच की.” मला वाटते, माझ्यापेक्षा त्यांनीच ते नीट सांगितले.

तो माणूस शोधायचा कसा, यासाठी कायदा आहे. जिनिव्हा करारांच्या 1977 च्या पहिल्या पूरक मसुद्यात, लष्करी लाभाच्या मानाने नागरिकांची हानी अवाजवी होईल असा हल्ला मना केला आहे. इस्रायलने तो मसुदा स्वीकारलेला नाही. भारतानेही नाही, हे मात्र आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक असते. यातली बरीचशी तत्त्वे रूढ कायदा म्हणून सर्वांनाच लागू मानली जातात हे खरे, पण सही केलेला कागद तो कागद. कारकुनाला विचारा!

चेन्नईजवळ आवडीला डीआरडीओच्या संस्थेने ‘मुंत्रा’ नावाची मानवरहित पट्ट्यांची गाडी 2017 मध्ये दाखवली होती. टेहळणी, सुरुंगशोध आणि विषारी वायू वा किरणोत्सर्गाची तपासणी, अशी तिची कामे सांगितली आहेत, आणि ती चांगली कामे आहेत. आपले कंडम रणगाडे आजवर चौकात नाहीतर छावणीच्या दारात रंग लावून उभे राहत आले. उद्या कोणाला त्यांचा दुसरा उपयोग सुचला, तर त्यात किती भरायचे आणि वस्तीपासून किती दूर, याचा नियम आपल्याकडे लिहिलेला आहे का? गोव्याचे दोन खासदार लोकसभेत बसतात. त्यांतल्या एकाने तरी हा प्रश्न लेखी विचारावा, म्हणजे उत्तरही लेखी मिळेल.