पदवी मोबाइलवर, अभ्यास मात्र वाऱ्यावर!

छत्रपती संभाजीनगर : जालना रस्त्यावरील शेंद्रा औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांचा दिवस घड्याळापेक्षा पाळ्यांवर चालतो. आयटीआय किंवा बारावीनंतर येथे कामाला लागलेल्या तरुणाला पुढे पदवी घ्यायची असेल, तर नेहमीचे महाविद्यालय त्याच्या वेळापत्रकात बसत नाही. त्यामुळे ऑनलाइन किंवा संमिश्र पद्धतीचे शिक्षण हाच त्याच्यापुढील व्यवहार्य मार्ग ठरतो. असा प्रवेश घेणे आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही. खरी परीक्षा सुरू होते ती प्रवेशानंतर.

महाराष्ट्राला हा मार्ग नवा नाही. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिक येथे स्थापन झाले. केंद्र सरकारचे 'स्वयम्' हे ऑनलाइन व्यासपीठ २०१७ मध्ये आले. मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे महाविद्यालये बंद झाली आणि नियमित विद्यार्थ्यांनाही पडद्यासमोर बसावे लागले. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० मध्ये ऑनलाइन अभ्यासक्रमांची नवी नियमावली लागू केली. एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून शिकण्याची मुभा २०२१ मध्ये मिळाली. मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन वा दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या समकक्ष असल्याचे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले. नियमांची बाजू अशी बळकट झाली. परंतु एकट्याने अभ्यास कसा करावा, हे शिकविण्याची जबाबदारी मात्र कोणाकडेच ठळकपणे सोपविली गेली नाही.

पाहिले म्हणजे शिकले नव्हे

अमेरिकेतील एमआयटी आणि हार्वर्ड या नामवंत संस्थांच्या खुल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांची पाहणी २०१९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. २०१७-१८ या वर्षात नोंदणी करणाऱ्या शंभरांपैकी जेमतेम तिघांनी अभ्यासक्रम पूर्ण केल्याचे तीत आढळले. त्यात केवळ कुतूहलापोटी नाव नोंदविणारेही होते, हे खरे. तरीही मार्गदर्शनाविना एकट्याने शिकणे किती कठीण असते, याची कल्पना या आकड्यावरून येते.

अडचणीचे मूळ बहुतेक वेळा अभ्यासाच्या पद्धतीत असते. व्याख्यानाची चित्रफीत पाहिली की विषय समजल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात ती केवळ ओळख असते. वॉशिंग्टन विद्यापीठातील (सेंट लुईस) रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. काहींनी एकच उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदा वाचून तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटले. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ६१ टक्के मजकूर राहिला होता. नुसता वाचणाऱ्यांच्या, ४० टक्के. ऑनलाइन व्याख्यानात मध्ये मध्ये छोट्या चाचण्या घेतल्यास मन भरकटण्याचे प्रमाण घटते, हेही हार्वर्डमधील २०१३ च्या संशोधनात दिसून आले.

पाळीनुसार वेळापत्रक

या निष्कर्षांसाठी महागडा क्लास लागत नाही. चित्रफीत दहा मिनिटांनी थांबवावी, मोबाइल उलटा ठेवावा आणि समजलेले चार ओळींत वहीत लिहावे. व्याख्यान इंग्रजीत असेल, तर संकल्पना स्वतःच्या मराठीत मांडून पाहावी. जेथे अडखळायला होते, तेथेच अभ्यास कच्चा आहे. हीच उजळणी दुसऱ्या दिवशी, नंतर आठवड्याने करावी. परीक्षेच्या आदल्या रात्री केलेल्या जागरणापेक्षा ती अधिक टिकते.

पाळीत काम करणाऱ्याने अभ्यासाची वेळ घड्याळाऐवजी कामाशी बांधणे सोयीचे. 'रोज रात्री नऊ वाजता' हा संकल्प पाळी बदलताच मोडतो. 'कामावर निघण्यापूर्वी पाऊण तास' हा टिकू शकतो. रात्रपाळीनंतर नवा धडा उघडण्याऐवजी आधी झोप घ्यावी, कारण शिकलेले पक्के होण्यात झोपेचा मोठा वाटा असतो. कंपनीच्या बसमधील वेळ नव्या विषयासाठी नव्हे, तर कालच्या प्रश्नांची उत्तरे मनात आठवून पाहण्यासाठी योग्य. एकाच पाळीतील दोघा-तिघांनी परस्परांना प्रश्न विचारल्यास वर्गाची उणीव काही अंशी भरून निघते.

संस्थांनीही बदलावे

तथापि, सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे न्यायाचे नाही. अखंड चालणाऱ्या कारखान्यात साप्ताहिक सुटी रविवारीच मिळेल, असे नाही. अशा वेळी केवळ रविवारी होणारी संपर्क सत्रे कामगाराच्या उपयोगाची नसतात. पहिल्या पंधरवड्यात अभ्यास कौशल्यांचे सक्तीचे सत्र, दर आठवड्याला छोटी चाचणी आणि सलग दोन चाचण्या चुकविणाऱ्यास दूरध्वनी, एवढे केले तरी गळती रोखण्यास मदत होईल. कारखान्यांनाही परीक्षेच्या काळात पाळी बदलून देणे अशक्य नाही.

शेंद्रा-बिडकीन पट्ट्यात सुमारे दहा हजार एकरांवर 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी आकाराला येत आहे. येथील मुलाखतीत पदवीचा कागद दारापर्यंत नेतो. आत गेल्यावर विचारले जाते ते शिकलेले. झोप आणि पगारातून शुल्क बाजूला काढणाऱ्या तरुणाच्या हाती तीन वर्षांनंतर केवळ कागद उरला, तर ते अपयश त्याच्या एकट्याचे म्हणता येणार नाही. ज्ञानगंगा घरोघरी पोचली आहे. ओंजळ कशी धरावी, हेही आता शिकवावे लागेल.